काडेपेटीवरचे छाप

काडेपेटी रिकामी झाली म्हणजे आपण काय करतो? केरात टाकतो. त्यात चूक काही नाही. रिकाम्या पेटीचा संसाराला उपयोग तो काय? पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूला एके काळी एक वर्ग असा होता, की तो ही टाकलेली पेटी उचलण्यासाठी टपूनच बसलेला असे. वय वर्षे नऊ ते पंधरा, अंगात अर्धी विजार, खिशात छापांचा गठ्ठा. मीही त्यांतलाच एक. कल्याण स्टेशनाबाहेरच्या पानवाल्याला आम्ही दिवसातून दोनदा विचारायचो, "मामा, पेटी संपली का हो?" मामा म्हणायचे, "अरे, अजून दहा काड्या आहेत. उद्या ये." आणि उद्या आम्ही खरोखरच जात होतो.

आमचा सगळा जीव पेटीवर चिकटवलेल्या चित्रात. त्याला आम्ही 'छाप' म्हणायचो. बोर खावे तसे लोक काड्या वापरत आणि बी टाकावी तशी पेटी टाकत. आम्ही ती बी वेचून पेरीत होतो. आज, इतक्या वर्षांनी, त्या पेरणीतून काय उगवले ते आपल्यापुढे मांडावे असे वाटते.

वस्तूबरोबर चित्र फुकट द्यायचे आणि त्या चित्राच्या लोभाने गिऱ्हाईक बांधून ठेवायचे, ही युक्ती व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेत १८८० च्या दशकात सिगारेटच्या पाकिटात जाड कागदाचे तुकडे घालू लागले. मूळ हेतू इतकाच, की पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत. पुढे त्या तुकड्यांवर बेसबॉल खेळाडूंची चित्रे आली, आणि तिकडची पोरे ती जमवून आपसांत बदलू लागली. होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचे १९०९ च्या सुमाराचे असले एक कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकले गेले! इंग्लंडात क्रिकेटपटूंची कार्डे निघाली; आपले रणजितसिंहजी त्यांवर झळकले. आपल्याकडे मात्र पोरांच्या हाती सिगारेटचे पाकीट दिसले असते तर पाठीत धपाटा बसला असता. काडेपेटीला ती हरकत नव्हती. ती स्वयंपाकघरात असे आणि देवघरातही असे. म्हणून आमचे बेसबॉल कार्ड म्हणजे काडेपेटीचा छाप.

आता थोडा इतिहास. पेटीच्या कडेवर घासल्याशिवाय न पेटणारी निर्धोक काडी ही स्वीडनची देणगी. गेल्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातल्या बहुतेक काड्या परदेशांतून येत. आधी स्वीडन आणि ऑस्ट्रियाचा माल जास्त. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, युरोपची जहाजे अडली आणि जपानने बाजार काबीज केला. जपानी कारखानदार मोठा हुशार. कोबे-ओसाकाला बसून तो हिंदुस्थानासाठी छाप काढी, आणि त्यांवर हत्ती, मोर, लक्ष्मी, कृष्ण अशी आपलीच चित्रे छापी. राजा रविवर्म्यांची चित्रे घरोघर पोचली होतीच. त्यांच्या धर्तीवरची देवादिकांची रूपे स्वस्त रंगांत काडेपेटीवर येऊन बसली. ज्या घरात तसबीर विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातही हे इवलेसे रंगीत चित्र पोचले.

१९२२ साली सरकारने परदेशी काड्यांवरची जकात वाढवून दर ग्रोसाला, म्हणजे बारा डझन पेट्यांना, दीड रुपया केली. परका माल महाग झाला. तेव्हा स्वीडिश मॅच या बलाढ्य कंपनीने विचार केला, की माल बाहेरून आणण्यापेक्षा कारखानाच आत न्यावा. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली. तीच आपली 'विमको'. तिचा कारखाना उभा राहिला तो आमच्या कल्याणच्या पलीकडे, कर्जतच्या मार्गावर, अंबरनाथला. मुंबईचे बंदर जवळ, आगगाडी दारात. आणखी काय हवे?

अंबरनाथ म्हटले की जाणत्या माणसाला शके ९८२ मधले शिलाहारांचे शिवमंदिर आठवते. आम्हा पोरांना मात्र काड्यांचा कारखाना आठवे. दगडातला इतिहास आम्हांला गुरुजींनी शिकवला. कागदातला आमचा आम्ही शिकलो.

तो कसा? पहा. छापावर 'मेड इन जपान' असेल, तर तो बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा. 'स्वदेशी' हा शब्द, भारतमाता किंवा चरखा असेल, तर त्याच्यामागे चळवळीचे वारे आहे. १९३४ साली काड्यांवर अबकारी कर बसला, आणि कर भरल्याची खूण म्हणून पेटीवर एक कागदी पट्टी चिकटवू लागले. पट्टी फाडल्याशिवाय पेटी उघडायची नाही. अशी पट्टी लागलेली पेटी मिळाली, तर ती त्यानंतरची. किंमत आण्यांत असेल, तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीची. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. कारण १९६४ च्या जूनपासून 'नया' शब्द गळाला आणि नुसता पैसा उरला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर तो छाप १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. दीड-दोन इंचांच्या कागदावर इतकी साक्ष सापडते! ताम्रपट वाचणारे पंडित याहून वेगळे काय करतात?

चित्रे तरी किती तऱ्हांची! जहाज, घोडा, किल्ली, चिमणी, पंखा, चित्त्याशी झुंजणारा गडी. अक्षरओळख नसलेली बाई दुकानात येऊन "जहाजाची द्या" म्हणे, आणि तिला नेमकी जहाज छाप पेटी मिळे. छाप हा आधी निरक्षराचा साइनबोर्ड आहे आणि मग आमच्यासारख्यांचा खजिना.

हा खजिना सांभाळण्याचीही एक विद्या होती. पूर्वीची पेटी लाकडाच्या पातळ सालीची असे; काटेसावरीसारख्या मऊ लाकडाची. त्या सालीवर छाप खळीने चिकटवलेला. तो नखाने ओढला की फाटलाच म्हणून समजा. पेटी कोमट पाण्यात तरंगत ठेवायची आणि गप्प बसायचे. दहा-पंधरा मिनिटांत छाप आपण होऊन सुटे. मग तो उपडा करून टीपकागदावर घालायचा, वर दुसरा टीपकागद आणि त्यावर वडिलांचे एखादे जाडजूड पुस्तक. वहीत लावताना पाठीला डिंक फासायचा नाही. वरच्या कडेला कागदाची लहानशी बिजागरी लावायची, म्हणजे पुढेमागे छाप काढता येतो. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले, आणि सोडवण्यासारखे काही राहिले नाही. तेव्हापासून जमवणारे अख्खी पेटी उलगडून, सपाट करून ठेवू लागले.

इंग्लंडात या नादाला मान आहे; १९४५ साली तिथे छाप जमवणाऱ्यांची संस्था निघाली. आमची संस्था म्हणजे रविवारची सकाळ आणि कल्याण स्टेशनाचा पूल. डोंबिवलीची पोरे येत, ठाण्याचा एखादा येई, अंबरनाथचा एक हमखास असे. सगळे वह्या उघडून बसत. जास्तीच्या छापाला 'जोड' म्हणत. नेहमीच्या एकाला एक. शिवकाशीच्या नव्या चित्राला दोन. जपानी असेल तर दहा. हा भाव कोणी ठरवला, कुणास ठाऊक. पण तो तिन्ही गावांत सारखा होता. पैशाचा व्यवहार मात्र नाही. पैसे देऊन छाप घेणाऱ्याला आम्ही 'शेटजी' म्हणून चिडवायचो.

या बाजारात विश्वासाखेरीज दुसरे नाणे नव्हते, आणि ते मी एकदा खोटे पाडले. माझ्याकडे एक जपानी मोर होता. सोडवताना कोपरा फाटलेला. मी दुसऱ्या छापाचा तुकडा पाठीमागून जोडला, रंगीत पेन्सिल फिरवली आणि डोंबिवलीच्या एका मित्राला तो दहा छापांना दिला. पुढच्या रविवारी तो आला. मोर उजेडासमोर धरून त्याने मला जोड दाखवला. भांडला नाही. म्हणाला, "दहाही तुलाच राहू देत. पण माझ्याशी पुन्हा बदली करू नकोस." मोर माझ्या वहीवर ठेवून तो निघून गेला. थोड्याच महिन्यांत त्याच्या वडिलांची बदली झाली आणि माफी मागायची राहिली ती राहिलीच. तो मोर अजून माझ्या वहीत आहे. खाली मी लिहून ठेवले आहे: 'कोपरा दुरुस्त केलेला.' जमवणाऱ्याने हे लिहिले पाहिजे. नाहीतर उद्याचा अभ्यासक फसेल, आणि त्याला तर माझा चेहराही ठाऊक नसेल.

वाचकहो, याहून जड गोष्ट पुढेच आहे. आमच्या वह्यांत जसजशी वर्षे सरली तसतसे अंबरनाथचे छाप कमी आणि शिवकाशीचे अधिक होत गेले. १९२२-२३ च्या सुमारास अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे काड्या करण्याची विद्या शिकायला शिवकाशीहून कलकत्त्याला गेले, आणि परत येऊन त्यांनी त्या कोरड्या, दुष्काळी मुलखात हा धंदा रुजवला. हातावर चालणाऱ्या लहान कारखान्यांना सरकारने करात सवलत दिली, आणि यंत्रांवर चालणारे कारखाने मागे पडत गेले. छपाईही शिवकाशीतच, म्हणून नवनवे छाप तिथूनच झरत. आम्ही पोरे खूष! नवा छाप दिसला की नाचायचो.

तो छाप पेटीवर चिकटवला कोणी, हा प्रश्न मात्र आमच्या मनात कधी आला नाही. त्याचे उत्तर आम्हांला मोठेपणी मिळाले. चौकटीत काड्या रचणारे, पेट्या भरणारे, छाप चिकटवणारे हात पुष्कळ ठिकाणी आमच्याच वयाच्या मुलामुलींचे होते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने काड्या बनवण्याच्या कामाला मुलांसाठी निषिद्ध कामांच्या यादीत घातले. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्याच प्रकरणात निकाल देऊन सांगितले, की या मुलांना कामावरून काढून शाळेत घाला, आणि मालकाने त्यांच्यासाठी पैसे भरले पाहिजेत. म्हणजे पुलावर बसून आम्ही जे मोर, जहाजे, घोडे मोजत होतो, ते मोजत असताना दूर तिकडे आमच्याएवढेच कोणीतरी दिवसाला किती पेट्या झाल्या ते मोजत होते. एकाच कागदाच्या दोन बाजू. आमच्या वहीत वरची बाजू होती. खळीची बाजू आम्ही पाण्यात धुऊन टाकली होती.

म्हणून ही वही टाकून द्यावी का? मी म्हणेन, नाही. उलट अधिक जपावी, आणि तिच्यात हेही लिहावे. छापावर मालकाचे नाव असते, गावाचे असते, करणाऱ्याचे नसते. ते काम आपले आहे. आपल्या भागात त्याची निकडही आहे. विमको २००५ साली आयटीसी समूहाकडे गेली. अंबरनाथच्या त्या कारखान्यात आता काड्या होत नाहीत. उरले आहे ते विमको नाका हे नाव. त्या कारखान्यात ज्यांनी हयात घालवली अशी माणसे अंबरनाथ, कल्याण, उल्हासनगर या बाजूला अजून भेटतील. त्यांना विचारायला हवे: लाकूड कोठून यायचे, गुल कसे लावीत, भोंगा किती वाजता होई, पगार किती होता. सरकारी दप्तरात जकातीचा आकडा सापडेल. भोंग्याची वेळ सापडणार नाही.

काडेपेटीचीही सद्दी आता संपत आली आहे. चौदा वर्षे एका रुपयाला मिळणारी पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली. गॅसला लायटर आला, विजेची शेगडी आली. उद्याच्या मुलाला काडी ओढणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागेल. त्याला दाखवायला निदान छाप तरी हाती असावेत.

तेव्हा माझे एवढेच सांगणे. या दिवाळीला माळा झाडाल, तेव्हा एखादी जुनी वही, बिस्किटाचा डबा, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागद रद्दीत घालण्यापूर्वी उघडून पहा. घरातल्या आजोबांना विचारा, "हे तुम्ही कोठून आणलेत?" ते जे सांगतील ते त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवा. आणि कोपरा फाटलेला असेल, तर तेही लिहा.