सर्वो
सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रातल्या 'सर्वो' मोटरच्या नावाचं मूळ लॅटिनमधल्या 'सर्वुस'मध्ये, म्हणजे गुलामात आहे. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को यांनी १८७३ च्या पुस्तकाच्या नावातच 'सर्वो-मोतर' हा शब्द घातला. तेव्हा प्रश्न जहाजाच्या सुकाणूचा होता. ताकद वाफेची, पण सुकाणू वळायला हवं ते सुकाण्याच्या चाकाबरहुकूम, तेवढंच! आजचा कंट्रोलर हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. एन्कोडर हा संवेदक मोटरच्या शाफ्टची जागा कळवतो. हुकूम आणि प्रत्यक्ष यांत तफावत दिसली की कंट्रोलर करंट बदलून ती मिटवतो. थांबलेल्या, पण वीज चालू असलेल्या सर्वोचा शाफ्ट कुणी पिळू पाहिला, तर तो उलटा जोर लावून जागेवर येतो. गुलामापेक्षा मला तो सतत स्वतःला तपासणारा कसबी कारागीर वाटतो.