भाडोत्री सैनिक, आफ्रिकेतील

परक्या राष्ट्राच्या वा पक्षाच्या बाजूने मुख्यतः द्रव्यलाभासाठी लढणाऱ्या सैनिकास भाडोत्री सैनिक म्हणतात. आफ्रिका खंडात ही प्रथा प्राचीन आहे. कार्थेजचे भूसैन्य बव्हंशी भाडोत्री होते आणि पहिल्या प्यूनिक युद्धानंतर थकलेल्या वेतनावरून त्याने इ. स. पू. २४१ मध्ये केलेल्या उठावामुळे कार्थेजचे अस्तित्वच धोक्यात आले होते. आधुनिक काळात मात्र ही संज्ञा प्रामुख्याने १९६० नंतर आफ्रिकी राष्ट्रांच्या अंतर्गत कलहांत उतरलेल्या यूरोपीय, दक्षिण आफ्रिकी व ऱ्होडेशियन सैनिकांना उद्देशून रूढ झाली. त्यांची संख्या क्वचितच काही शेकड्यांपलीकडे गेली. तथापि नवस्वतंत्र राष्ट्रांच्या सार्वभौमत्वावर त्यांनी केलेला आघात संख्येच्या मानाने फार मोठा होता.

पार्श्वभूमी : वसाहतींच्या सत्तांनी मागे ठेवलेली सैन्ये अंतर्गत बंदोबस्तासाठी उभारलेली होती आणि त्यांचे अधिकारी बहुधा यूरोपीय असत. बेल्जियन काँगोतील सु. २५,००० सैनिकांच्या फौजेत स्वातंत्र्याच्या वेळी एकही काँगोली अधिकारी नव्हता. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि आठवड्याच्या आतच या फौजेने बंड केले. अशा प्रकारे शासन अस्तित्वात आले; पण त्याच्या आज्ञेत राहणारे सैन्य नव्हते. दुसऱ्या बाजूस तांबे, कोबाल्ट, हिरे, खनिज तेल यांत गुंतलेले परकीय हितसंबंध प्रबळ होते. या दोहोंच्या संयोगातून भाडोत्री सैनिकांना मागणी निर्माण झाली. दुसरे महायुद्ध, इंडोचायना व अल्जीरिया येथील युद्धे संपल्यावर मोकळ्या झालेल्या अनुभवी सैनिकांमुळे पुरवठाही सुलभ झाला.

काँगो (१९६०–६७) : ११ जुलै १९६० रोजी मॉइझ त्शोंबे याने खनिजसंपन्न कटांगा प्रांत काँगोपासून फुटून निघाल्याचे घोषित केले. युन्यों मिन्येर या खाणकंपनीच्या महसुलाचा त्याला आधार होता. कटांगाच्या सशस्त्र पोलीसदलाचे नेतृत्व प्रथम बेल्जियन अधिकाऱ्यांकडे व पुढे उत्तरोत्तर भाडोत्री सैनिकांकडे गेले. पदच्युत पंतप्रधान पात्रीस लुमुंबा याची जानेवारी १९६१ मध्ये कटांगात हत्या झाली. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २१ फेब्रुवारी १९६१ च्या ठरावान्वये परकीय लष्करी सल्लागार व भाडोत्री सैनिक यांना हटविण्याची मागणी केली. तिच्या अंमलबजावणीतून सप्टेंबर १९६१ मध्ये कटांगात लढाई जुंपली. तडजोडीसाठी निघालेले सरचिटणीस डाग हामारशल्ड यांचा एन्डोलाजवळ विमान कोसळून मृत्यू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत भारतीय ब्रिगेडचा वाटा मोठा होता. एलिझाबेथव्हिल (लुबुंबाशी) येथे ५ डिसेंबर १९६१ रोजी पोलीसदलाने केलेली रस्त्याची नाकेबंदी मोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे विभक्त अस्तित्व संपुष्टात आले.

१९६४ मध्ये पूर्व काँगोत सिंबा बंडखोरांनी मोठा प्रदेश व्यापला. त्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या त्शोंबेने पुन्हा भाडोत्री सैनिकांनाच पाचारण केले. कलकत्ता येथे जन्मलेला आयरिश वंशाचा माइक होअर (१९१९–२०२०) याने दक्षिण आफ्रिका व ऱ्होडेशिया येथील इंग्रजी भाषकांची पाचवी कमांडो तुकडी उभारली. फ्रेंच भाषकांच्या सहाव्या तुकडीशी बॉब देनार (१९२९–२००७) या फ्रेंच सैनिकाचे नाव निगडित आहे. करार सहा महिन्यांचे असत. जीपगाड्यांवर मशीनगन चढवून वेगाने पुढे घुसणे ही त्यांची मुख्य युद्धपद्धती असून अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तचर विभागाने नेमलेले निर्वासित क्यूबन वैमानिक त्यांना विमानांचे साह्य देत. बंडखोरांजवळ अवजड शस्त्रे व शिक्षण यांचा अभाव असल्याने हे तंत्र यशस्वी ठरले. २४ नोव्हेंबर १९६४ रोजी बेल्जियन छत्रीधारी सैनिक अमेरिकन विमानांतून स्टॅन्लीव्हिल (किसांगानी) येथे उतरले व त्यांनी ओलीस धरलेल्या परकीयांची सुटका केली. होअरची तुकडीही त्याच दिवशी तेथे पोहोचली. यूरोपीय ओलिसांच्या सुटकेला जगभर प्रसिद्धी मिळाली. परंतु या बंडात व त्याच्या बीमोडात बळी पडलेल्या हजारो काँगोली नागरिकांची तितकी दखल घेतली गेली नाही. लूटमार व बंदिवानांच्या हत्या यांबाबत भाडोत्री सैनिकांवर गंभीर आरोप झाले.

आश्रयदात्यावरच उलटण्याचा या पेशातील धोकाही काँगोतच दिसून आला. जुलै १९६७ मध्ये झां श्राम या बेल्जियन मळेवाल्याच्या नेतृत्वाखाली भाडोत्री सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष मोबुटू याच्याविरुद्ध बंड केले. बुकाव्हू शहर काही महिने ताब्यात ठेवल्यावर नोव्हेंबरमध्ये ते रुआंडात पळून गेले.

बियाफ्रा व अंगोला : नायजेरियाच्या यादवी युद्धात (१९६७–७०) बियाफ्राच्या बाजूने रोल्फ श्टाइनर या जर्मन सैनिकाने कमांडो ब्रिगेडचे नेतृत्व केले, पण मतभेद होऊन १९६८ अखेर त्याची हकालपट्टी झाली. स्वीडिश वैमानिक काउंट फोन रोझेन याने १९६९ मध्ये छोट्या विमानांतून नायजेरियन विमानतळांवर केलेल्या हल्ल्यांमागे द्रव्यलोभापेक्षा सहानुभूती प्रबळ होती. त्यामुळे ‘भाडोत्री’ या संज्ञेची सीमारेषा किती पुसट आहे, हे स्पष्ट झाले.

अंगोलात १९७६ च्या आरंभी होल्डन रॉबेर्तोच्या पक्षाने ब्रिटनमध्ये घाईने भरती केली. भरती झालेल्यांपैकी अनेकांना लष्करी अनुभव नव्हता. क्यूबाच्या सुसज्ज सैन्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. कर्नल कॅलन हे नाव धारण केलेल्या कोस्तास जॉर्जिऊ याच्या हुकमाने तर त्यांच्यातीलच चौदा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. जून १९७६ मध्ये लुआंडा येथे तेरा जणांवर खटला चालला; चौघांना १० जुलै रोजी देहान्त शासन झाले व उरलेल्यांना १६ ते ३० वर्षांच्या शिक्षा झाल्या. भाडोत्री सैनिकांचा दबदबा प्रतिपक्षाच्या दौर्बल्यावर उभा होता, हे अंगोलाने सिद्ध केले.

बेटांवरील सत्तांतरे : लहान द्वीपराष्ट्रांत मूठभर सशस्त्र माणसेही शासन उलथू शकत. १३ मे १९७८ रोजी देनारने सु. पन्नास साथीदारांसह मासेमारी जहाजातून कोमोरो बेटांवर उतरून अली स्वालीह याची राजवट उलथली. पुढे अकरा वर्षे राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाद्वारे तेथील खरी सत्ता त्याच्याच हाती होती. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अहमद अब्दल्ला यांची हत्या झाल्यावर त्याला बेटे सोडावी लागली. १९९५ मध्ये त्याने पुन्हा सत्ता हस्तगत केली, तेव्हा फ्रेंच सैन्याने त्याला पकडले.

होअरचा सेशेल्समधील प्रयत्न मात्र फसला. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी पर्यटकांच्या वेषात माहे विमानतळावर उतरलेल्या त्याच्या टोळीतील एकाची बंदूक सीमाशुल्क तपासणीत सापडली आणि गोळीबार सुरू झाला. सॉल्सबरीहून (हरारे) मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान त्याच वेळी तेथे उतरले. टोळीतील बहुतेकांनी ते प्रवाशांसह बळजबरीने दरबान येथे नेले. दक्षिण आफ्रिकेत चाललेल्या विमान-अपहरणाच्या खटल्यात १९८२ मध्ये होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९८५ मध्ये तो सुटला.

आंतरराष्ट्रीय कायदा : आफ्रिकी ऐक्य संघटनेने १९७७ मध्ये लीब्रव्हिल येथे भाडोत्री सैनिकप्रथेच्या निर्मूलनासाठी करार केला. तो १९८५ मध्ये अंमलात आला. जिनीव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जादा मसुद्यातील अनुच्छेद ४७ अन्वये भाडोत्री सैनिकास युद्धकैद्याच्या दर्जाचा हक्क नाकारण्यात आला आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा करार २००१ मध्ये अंमलात आला. तथापि अनुच्छेद ४७ मधील सहा अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. युद्धमान पक्षाच्या सैन्यात नाव नोंदविलेला सैनिक व्याख्येतून सुटतो. काँगोच्या राष्ट्रीय सैन्याचा भाग म्हणून उभारलेल्या होअरच्या तुकडीलाही ही व्याख्या लागू पडली नसती. ज्या घटनांनी कायद्याची गरज निर्माण केली, त्यांनाच तो पुरा पडत नाही, ही त्याची मोठी उणीव होय.

स्वरूपातील बदल : १९९० नंतर व्यक्तींची जागा कंपन्यांनी घेतली. एक्झिक्युटिव्ह आउटकम्स या दक्षिण आफ्रिकी कंपनीने अंगोला (१९९३) व सिएरा लिओन (१९९५–९७) येथील शासनांच्या वतीने बंडखोरांना मागे रेटले. सिएरा लिओनमध्ये नागरिकांना काही काळ सुरक्षितता लाभली. परंतु कंपनी गेल्यावर काही महिन्यांतच तेथे लष्करी उठाव झाला. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये अशा परदेशी लष्करी साह्यावर कायद्याने निर्बंध घातले. तरीही २००४ मध्ये विषुववृत्तीय गिनीतील तेलसमृद्ध राजवट उलथण्यासाठी निघालेल्या सायमन मानच्या टोळीचे विमान हरारे येथे पकडण्यात आले. त्यानंतर रशियातील वॅगनर गटाने मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, लिबिया, माली इ. देशांत प्रवेश केला. मालीतील मुरा गावी मार्च २०२२ मध्ये सैन्य व परकीय सैनिक यांनी किमान पाचशे लोकांना ठार मारल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नमूद आहे.

साधने व नावे बदलली, तरी या प्रथेचे मूळ बदललेले नाही. ज्या शासनाला स्वतःचे विश्वासू सैन्य उभारता येत नाही, त्याला संरक्षण विकत घ्यावे लागते आणि त्याची किंमत बहुधा खाणी, सत्ता वा नागरिकांचे प्राण यांच्या रूपाने मोजावी लागते. कार्थेजपासून मालीपर्यंतचा आफ्रिकेचा अनुभव हेच दर्शवितो.