४० पिनांचे सॉकेट

इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे आणि कोणत्या क्षणी द्यायचे, हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा घरच्या टेबलावर स्वतः डाग देऊन तयार करायचा, हा छंद अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजला तो २००१ पासून. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी त्या वर्षी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा संच लोकांपुढे ठेवला. या छंदाचा इतिहास सांगताना श्रेय बहुतेक वेळा स्वस्त झालेल्या मायक्रोप्रोसेसरला दिले जाते. मला ते पटत नाही. प्रोसेसर तर आधीपासूनच मिळत होते. बॉशची मायक्रोप्रोसेसरवर चालणारी मोट्रॉनिक यंत्रणा १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली आणि त्याच सुमारास घरगुती संगणकही हौशी लोकांच्या हाती पोचले होते. तरीही मधली वीसेक वर्षे घरी केलेला इंजिन-नियंत्रक ही विरळाच गोष्ट राहिली. अडले होते ते सर्किट बोर्डापाशी. गाडीतली वीज सहन करील आणि शिकाऊ हातांच्या चुकाही सहन करील असा बोर्ड कोणी आखून दिला नव्हता.

गाडीतली वीज म्हणजे काय, याचा धडा मोटार उद्योगाने फार आधी घेतला होता. बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा १९५७-५८ मध्ये जाहीर झाली. क्रायस्लरच्या १९५८ च्या मोजक्या गाड्यांत ती बसली, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे पुन्हा कार्ब्युरेटर लावावे लागले. कल्पना बरोबर होती, पण त्या काळचे सुटे भाग बॉनेटखालची उष्णता आणि ओल सोसू शकले नाहीत. तिचे पेटंट-हक्क बॉशकडे गेले. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आलेली ‘डी-जेट्रॉनिक’ ही तिचीच वारसदार, आणि तिच्यात मायक्रोप्रोसेसर नव्हताच. सुट्या ट्रान्झिस्टरांवर ती वर्षानुवर्षे चालली. हिशेब करणाऱ्या मेंदूपेक्षा त्याला जपणारी मांडणी आधी लागते, याचा याहून चांगला पुरावा मला दिसत नाही.

या मांडणीत काय काय सांभाळायचे असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टची बॅटरी सात-आठ व्होल्टपर्यंत बसते. चालत्या गाडीत बॅटरीची तार निसटली तर अल्टरनेटरचा झटका क्षणभर कित्येक पटींनी वर जातो. इंजेक्टर म्हणजे मुळात तारेचे वेटोळे. त्याचा प्रवाह तोडला की ते उलटा तडाखा देते. शिवाय सगळ्यात फसवी बाब म्हणजे ग्राउंड. समजा, इंजेक्टरांचा ५ अँपिअर प्रवाह बोर्डावरच्या तांब्याच्या ज्या पट्टीतून परत जातो, तीच पट्टी दाब मोजणाऱ्या सेन्सरलाही दिली, आणि तिचा रोध आहे फक्त १० मिलिओहम. तेवढ्याने ५० मिलिव्होल्टची चूक होते. मेगास्क्वर्टमधला एमपीएक्स४२५० सेन्सर एका किलोपास्कलला सुमारे २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे वाचन अडीच किलोपास्कलने चुकले. इंजिन रिकामे फिरत असताना मॅनिफोल्डचा दाब ४० किलोपास्कलच्या आसपास असतो. पेट्रोलचा हिशेब सहा टक्क्यांनी बिघडला, तोही इंजेक्टर उघडेल तेव्हाच. प्रोग्राम कितीही हुशार असो, ही चूक तो ओळखणार कशी? ती चूक बोर्ड आखतानाच टाळावी लागते. सेन्सरांचा परतीचा मार्ग वेगळा काढायचा, जाड प्रवाहाची पट्टी रुंद आणि आखूड ठेवायची, आणि दोघांची गाठ एकाच ठिकाणी घालायची.

बोलिंग आणि ग्रिपो यांच्या आधी ‘ईएफआय३३२’ हा सामूहिक प्रयत्न झाला होता. त्यात मोटोरोलाचा ६८३३२ हा ३२ बिटांचा प्रोसेसर होता, आणि वेळ मोजण्यासाठी त्याच्या पोटात स्वतंत्र विभाग होता. मेगास्क्वर्टमध्ये आला त्याच कंपनीचा ८ बिटांचा साधा ६८एचसी९०८. ताकदवान चिप मागे राहिली आणि दुबळी चिप पसरली. स्वस्त आणि वेगवान प्रोसेसरमुळे हे सगळे घडले म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. यावर कोणी म्हणेल की मोठ्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणे अवघड होते, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा. त्यात तथ्य आहे. पण मेगास्क्वर्टचा प्रोग्राम सोपा राहिला, कारण बोर्डावर मुद्दाम थोडेच काम ठेवले होते. पहिल्या आवृत्त्यांनी फक्त पेट्रोल सांभाळले, ठिणगी गाडीच्या जुन्या यंत्रणेवर सोडली. इंजिनाच्या फेऱ्यांचा एकच संकेत आत घेतला, तोही ऑप्टोआयसोलेटरमधून, म्हणजे प्रकाशाच्या आडोशाने, जेणेकरून इग्निशन कॉइलचा तडाखा चिपपर्यंत पोचू नये.

त्याहून मोलाचा होता तो जोडणाऱ्या माणसाचा विचार. सुटे भाग पायांचे, भोकांतून ओवायचे, साध्या सोल्डरिंग आयर्नने डाग देता येतील असे. जोडणीही टप्प्याटप्प्याने: आधी वीजपुरवठा लावा आणि ५ व्होल्ट येतात का ते मीटरने पाहा, मग संगणकाशी बोलणारा भाग जोडा आणि तपासा, त्यानंतर पुढचे. सोबत एक छोटा ‘स्टिम्युलेटर’ बोर्ड होता. त्याची बटणे फिरवली की इंजिनाचे तापमान, थ्रॉटल, फेऱ्या यांचे खोटे संकेत जायचे आणि इंजेक्टरच्या जागी एलईडी लुकलुकायचे. गाडीला हात लावण्याआधी टेबलावरच चूक सापडायची. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दयाळू कल्पना वाटते.

एक आक्षेप मात्र खरा आहे. मेगास्क्वर्ट पूर्णपणे मुक्त नव्हते. प्रोग्राम वाचता येई, पण तो त्यांच्याच बोर्डांवर चालवायची अट होती. ती अट काहींना जाचली, आणि पुढे स्पीडुइनो, रुसईएफआय असे खुले प्रकल्प निघाले. त्याने माझा मुद्दा उलट घट्टच होतो. स्पीडुइनोने प्रोसेसर म्हणून १६ मेगाहर्ट्झचा, ८ बिटांचाच आर्डुइनो मेगा घेतला, आणि नवे कष्ट घेतले ते त्याच्याभोवतीच्या बोर्डावर.

आता कोणी म्हणेल, हाताने डाग देण्याचे दिवस संपले. कारखान्यात यंत्राने बसवलेले बारीक भाग जास्त नेटके आणि विजेच्या दृष्टीनेही सरस असतात. बरोबर आहे, आणि मेगास्क्वर्टनेही ३.५७ क्रमांकाचा बोर्ड तसाच, तयार जोडलेला काढला. पण पहिल्या संचात ती ८ बिटांची चिप ४० पिनांच्या सॉकेटमध्ये बसायची. दुसऱ्या पिढीचा वेगवान प्रोसेसर आला तो एका छोट्या कार्डावर, आणि ते कार्ड त्याच सॉकेटमध्ये रोवले गेले. तिसऱ्या पिढीचेही तसेच. तीन मेंदू बदलले, पण त्यांच्याभोवतीचा संरक्षक बोर्ड आणि गाडीच्या तारांचा ३७ पिनांचा जोड कायम राहिला. ३.५७ मध्ये हाताने डाग द्यायचे सुटे भाग गेले, तरी ते ४० पिनांचे सॉकेट ठेवलेच आहे.