झाकलेली जागा पिवळीच राहिली

कावीळ झालेल्या बाळाला पुण्यातल्या दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवतात. हा उपाय एका नर्सबाईंच्या नजरेतून निघाला.

१९५६ साल. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड बाळांना उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, पण चादरीखाली झाकलेला त्रिकोणी तुकडा पिवळाच! पुढे १९५८ साली डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याचा उपचार जगापुढे मांडला.

त्या तुकड्यात एक इशाराही होता. उजेड लागलेली कातडी लवकर उजळते, रक्तातली कावीळ मात्र तेवढी उतरलेली नसते. १९८० मध्ये जपानमध्ये कातडीवर टेकवून कावीळ मोजणारं यंत्र आलं. सुई नको, मोठीच सोय. पण दिव्याखालच्या बाळाच्या उघड्या अंगावर ते आकडा कमी दाखवू शकतं. अशा वेळी भरवशाची तपासणी रक्ताचीच. कावीळ फार वाढली तर मेंदूला आणि कानांना इजा होते.

म्हणून बाळ दिव्याखाली असताना रंगावर जाऊ नका. विचारा, “सिस्टर, रक्तातला आकडा किती आला?”