भागोजीची पट्टी

परभणी जिल्ह्यातले पाथरी जानेवारी २०२० मध्ये भलत्याच कारणाने गाजले. साईबाबांचा जन्म इथला की नाही यावरून वाद पेटला आणि १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. बाबांनी म्हाळसापतींजवळ पाथरीचे नाव घेतल्याची आठवण सांगतात. १९७० च्या दशकात वि. बा. खेर यांनी शोध घेतला तो पाथरीच्या भुसारी घराण्यापर्यंत गेला. शिर्डीकरांना ते मान्य नाही. वाद सुटायचा तेव्हा सुटेल. त्या गदारोळात मागे पडली ती सबुरी. शब्द मूळचा अरबी, पण आपल्या आजीच्या तोंडी अगदी घरचा.

आपल्या पंथाला शिर्डी कधी परकी नव्हती. हेमाडपंतांच्या साईसच्चरितात ९५ वर्षांचे गौळीबुवा भेटतात, पंढरीचे पक्के वारकरी. आठ महिने पंढरपूर, आषाढ ते कार्तिक गंगातीर, आणि दरवर्षी वाटेत बाबांचे दर्शन. त्याच ग्रंथात भागोजी शिंदेही आहेत. त्यांच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते.

१९१० ची दिवाळी. बाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. दूर एका लोहाराचे मूल भट्टीत पडले, ते मी वाचवले, असे त्यांनी सांगितले. नानासाहेब चांदोरकरांनी मुंबईहून डॉ. परमानंदांना मलमपट्टीच्या सामानासह आणले, पण बाबांनी हात दाखवलाच नाही. पट्टी बांधायची ती भागोजीने. भागोजी स्वतः महारोगी! तो रोज जुनी पट्टी सोडी, तूप चोळी, वर पान ठेवून पुन्हा पट्टी बांधी. जखम भरल्यावरही हा नेम चालूच राहिला, १५ ऑक्टोबर १९१८ ला बाबांनी देह ठेवला तोपर्यंत. आठ वर्षे झाली. लोहाराच्या मुलाची गोष्ट कीर्तनात रंगते हे खरे, पण मला ही आठ वर्षे मोठी वाटतात. ज्याच्या सावलीपासूनही लोक दूर राहत, त्याला रोज सकाळी जाण्याचे एक ठिकाण आणि करायचे एक काम होते.

(भाजल्यावर तूप लावू नका. गार पाणी ओता आणि दवाखाना गाठा. बाबांचा अधिकार वेगळा, आपला वेगळा.)

भागोजीच्या काळी त्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. अडचण येते ती मधेच. चट्टा फिका पडतो, माणूस म्हणतो बरा झालो, आणि गोळ्या कोनाड्यात राहतात. जंतू मेले तरी बधिर झालेली जागा बहुधा बधिरच राहते. काटा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. त्यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे: रोज पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, बोटांच्या बेचक्या तपासायच्या.

साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेल्या वारकऱ्याचेही तसेच. चालण्याच्या नादात फोड फुटतो आणि त्याला पत्ता नसतो. तुमच्या दिंडीत असा कोणी असेल तर मुक्कामाला हरिपाठ झाल्यावर त्याचे तळवे उजेडात पाहून द्या. वय झाल्यावर स्वतःचे तळवे स्वतःला नीट दिसत नाहीत.