केसरीचे दोन वाचक

मराठी माणूस सरकारी चाकरीनिमित्त कोठेही गेला, तरी टिपणी लिहिणे त्यास चुकत नाही. आणि टिपणी म्हणजे तरी काय, तर वरिष्ठांचे मन वळविण्याची कलाच होय. या कलेचा एक वस्तुपाठ १८९६-९७ सालच्या 'केसरी'त पाहावयास मिळतो.

त्या काळी केसरीच्या प्रत्येक ओळीस दोन वाचक असत. एक वर्गणीदार, दुसरा सरकारी भाषांतरकार. देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्यास मुंबई सरकारपुढे जात, आणि १८७० साली दंडसंहितेत दाखल झालेले १२४-अ हे राजद्रोहाचे कलम हाताशी होतेच. पहिल्याचे मन जिंकावे, पण दुसऱ्याच्या हाती सापडू नये, अशी ही कसरत होती.

तिच्यातील एक युक्ती प्रश्नाची. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने साऱ्या शहरावर जादा पोलीस बसविले. त्यावर ६ जुलैच्या अग्रलेखाचा मथळा होता, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' येथे विधान कोठेच नाही. उत्तर वाचकाने मनाशी द्यावयाचे. आणि स्वतः दिलेले उत्तर मनुष्य सहसा सोडीत नाही.

दुसरी युक्ती इतिहासाच्या मुखाने बोलण्याची. १५ जूनच्या अंकात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवोत्सवातील व्याख्यानांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. महाराज जागे होऊन देशाची स्थिती पाहतात, एवढीच कल्पना. पण तुलना आपोआप घडते. खटला झाला तो याच मजकुरावर. 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीस सांगितला. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले आणि १४ सप्टेंबर रोजी त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, हे कलम अधिक व्यापक करण्यात आले. भाषांतरात शब्द उतरतात, सूर उतरत नाही. न्यायालयास मात्र सुराचाच निवाडा करावयाचा होता.

तथापि माझ्या मते सर्वांत प्रभावी युक्ती याहून साधी आणि थोडी आधीची आहे. १८९६ च्या दुष्काळात केसरीने सरकारचाच दुष्काळसंहितेचा ग्रंथ उघडला आणि पीक बुडाल्यास रयतेस कोणत्या सवलती मिळावयास हव्यात, ते सोप्या मराठीत सांगितले. सार्वजनिक सभेची माणसे तोच निरोप घेऊन गावोगाव फिरली. यात उपहास नाही, रूपक नाही; नियम तुमचा आहे, तो पाळा, इतकेच मागणे. नियम खोटा म्हणण्याची सोय सरकारला नव्हती. १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली, पण युक्तिवादास उत्तर दिले नाही.

प्रश्नाचे उत्तर वाचकाच्या मनोवृत्तीवर अवलंबून असते, रूपकाचा अर्थ न्यायाधीश लावतो. पण ज्या विधानाचा पडताळा कोणासही पाहता येतो, ते लेखकास तुरुंगात टाकल्यानेही खोटे पडत नाही. टेबलावर एखाद्या गरजूचा अर्ज पडलेला असताना आपण नियमाचे पुस्तक उघडतो, ते त्यास काही देण्यासाठी की नाकारण्यासाठी? त्या वेळी या जुन्या अंकांची आठवण व्हावी, इतकीच इच्छा.