पडदा, दिवा आणि लाकडी तलवार

नाटक संपले की प्रेक्षक नटाचे नाव घेत घरी जातो. फार तर नाटककाराचे घेतो. पडदा कोणी ओढला, दिवे कोणी सांभाळले, राजाची तलवार कोणी तासली, हे कोणी विचारत नाही. आपल्या नाट्येतिहासाचेही तसेच झाले आहे. तो नाटककारांच्या आणि गायक नटांच्या नावांनी लिहिला गेला. परंतु नाटक कसे लिहायचे आणि कसे खेळायचे, हे पुष्कळदा पडद्याने आणि दिव्यानेच ठरवले आहे. आपण सीमाभागातील माणसांनी हा इतिहास विशेष लक्षात ठेवायला हवा, कारण रंगमंचाची ही अवजारे मराठी आणि कानडी मुलखांत सतत ये-जा करीत राहिली आहेत.

प्रारंभच पाहा. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे काही करायला सांगितले आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. या कानडी खेळांत पात्राचा प्रवेश होताना दोन माणसे एक कापड आडवे धरतात. पात्राचा मुकुट वर दिसतो, खाली पावले नाचताना दिसतात, आणि पुरेशी उत्सुकता ताणली गेली की कापड बाजूला होते. दोन माणसांच्या हातांत मावणारा हा पडदा. त्याच्यावर ना महाल, ना अरण्य. स्थळ कोणते ते गाणाराने सांगायचे आणि प्रेक्षकाने मानायचे.

भाव्यांच्या रंगभूमीचाही हाच रिवाज होता. सूत्रधाराने पद म्हणायचे, विदूषकाने हसवायचे, गणपती आणि मोरावर बसलेली सरस्वती यांनी येऊन आशीर्वाद द्यायचा. नेपथ्य म्हणावे असे फारसे नव्हतेच. उजेड मशालींचा, हिलालांचा. मशालीचा उजेड पिवळा, हलता आणि जवळपुरता असतो. अशा उजेडात लांब बसलेल्या माणसाला चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसणार कसे? म्हणून चेहरा सफेदा आणि हिंगूळ लावून ठळक करायचा, मुकुटाला बेगड आणि काचा लावायच्या. एका मशालीच्या शंभर ठिणग्या व्हाव्यात, हा त्या चमचमाटाचा व्यावहारिक हेतू होता. राक्षस आरोळ्या ठोकत यायचा तेव्हा मशालीवर राळेची पूड फेकायची. पूड हवेत पेट घेते, क्षणभर भडका उडतो आणि विझतो. भाव्यांच्या नाटकांतले आक्रस्ताळे राक्षस पुढे चेष्टेचा विषय झाले, परंतु मशालीच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर याहून वेगळे करणे कठीण होते.

दशावतारात अजूनही हा जुना संसार शाबूत आहे. एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच पलंग, तेच डोंगर. गोव्यात आणि तळकोकणात जत्रेला बसलेल्या कोणालाही त्यात खोटे वाटत नाही.

मग चित्राचा पडदा आला. मुंबईच्या पारशी नाटक कंपन्यांनी विलायती रंगभूमीच्या धर्तीवर रंगवलेले पडदे आणि यांत्रिक चमत्कार आणले. १८८० साली पुण्यात पारशी कंपनीचे ‘इंद्रसभा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना रुजली आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला, हे प्रसिद्धच आहे. अण्णासाहेब आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मागोमाग आलेल्या कंपन्यांच्या गाड्यांतून नटांबरोबर पडद्यांच्या गुंडाळ्या गावोगाव फिरू लागल्या.

हा पडदा होता तरी कसा? मांजरपाटाचे पट्टे आडवे शिवून एक मोठे कापड करायचे, त्याला खळ द्यायची, आणि सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी चित्र काढायचे. तेलरंग लावला तर कापड जड होते आणि चकाकते, गुंडाळताना तडकतेही. म्हणून रंग पातळ. वरची कड पक्क्या लाकडाला ठोकलेली, खालच्या कडेला गोल वासा. दोन्ही टोकांना गुंडाळलेल्या दोऱ्या वर कप्पीतून खाली विंगेत आणलेल्या. दोरी ओढली की वासा फिरत फिरत वर चढतो आणि कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाते. सैल सोडली की दरबार खाली उतरतो. एका बाजूची दोरी आधी ओढली गेली तर दरबार तिरका होतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. दोघांनी एका श्वासात ओढायची ही कसरत तालमीशिवाय साधत नसे.

कंपनीकडे पडद्यांचा एक ठरलेला संच असे : दरबार, महाल, रस्ता, बाग, अरण्य, देऊळ. नाटक कोणतेही असो, पडदे तेच. आणि इथेच पडद्याने नाटककाराचा हात धरला. दरबारात सिंहासन, पायऱ्या, चवऱ्या मांडायच्या तर वेळ हवा. तोवर प्रेक्षकांना रिकामे कसे बसवणार? म्हणून रंगमंचाच्या पुढल्या भागात ‘रस्ता’ सोडायचा आणि त्याच्यापुढे दोन विनोदी पात्रांनी गप्पा मारत उभे राहायचे. त्यांच्या मागे, कापडापलीकडे, सामानवाले अनवाणी पायांनी सिंहासन वाहत असत. गंभीर प्रवेशानंतर रस्त्यातला हलका प्रवेश, पुन्हा गंभीर, ही जी वीण त्या काळच्या नाटकांत दिसते, तिचे श्रेय समीक्षक रसांच्या समतोलाला देतात. त्यात तथ्य आहेच. पण त्या समतोलाचा अर्धा वाटा सामान हलवणाऱ्यांना द्यायला हरकत नाही.

दिव्यांनीही असेच केले. मशाली जाऊन तेलाचे पायदिवे आले, पुढे जाळीसारख्या मॅन्टलचे, दाबाखालच्या रॉकेलवर चालणारे किटसनचे दिवे आले. पायदिव्यांचा उजेड खालून वर येतो. नट मागे सरकला की चेहरा अंधारतो आणि त्याची भलीमोठी सावली महालावर पडते. शिवाय मागच्या पडद्याला तो खेटला तर चित्रातला दरवाजा त्याच्या कमरेएवढा दिसू लागतो, कारण चित्रातले अंतर खोटे असते आणि नटाची उंची खरी. म्हणून पुढे या, उजेडात उभे राहा आणि गा. गायक नट प्रेक्षकांसमोर ठाण मांडून पद म्हणत, त्याचे हेही एक कारण आहे. चित्रकारालाही हे ठाऊक होते. उजेड सपाट असल्यामुळे खांबांच्या सावल्या तो कापडावरच रंगवून ठेवी.

या कलेला कळस चढवला कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी रंगवलेल्या पडद्यांची वाहवा होत असे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुराव पुढे चित्रपटाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ झळकला. मराठी चित्रपटाची एक पाळेमुळे असलेली शाखा नाटकाच्या पडद्यातून फुटली आहे, हे आपण विसरतो.

याच सुमारास हुबळीत, कानडी मुलखात, केशवराव भोसल्यांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. मराठी कंपन्यांचे दौरे धारवाड, हुबळी, गदगपर्यंत पोचलेले होतेच. त्याआधी, १८७० च्या दशकात, गदगच्या शांतकवींनी मराठी नाटकांचा हा पगडा पाहून कानडी नाटक मंडळी उभी केली होती. त्यांची सल खरी होती. परंतु उत्तर कर्नाटकातल्या कानडी रंगभूमीने मराठी नाट्यपदांच्या चाली घेतल्या, आणि मराठी रंगभूमी तर जन्मालाच कानडी खेळ पाहून आली होती. देणे कोणाचे किती, याचा हिशेब करू गेल्यास वही संपेल.

थाटामाटाची परिसीमा बालगंधर्वांनी गाठली. खरे भरजरी शालू, प्रेक्षागृहात अत्तराचा शिडकावा. १९२० च्या ‘द्रौपदी’तील मयसभेसाठी पाण्यासारखा पैसा ओतला गेला आणि गंधर्व कंपनी कर्जात रुतली. मात्र याच बालगंधर्वांनी १९१९ मध्ये बडोद्याला पहिला प्रयोग झालेल्या ‘एकच प्याला’त सिंधूसाठी ठिगळे लावलेले लुगडे नेसले. शालू पाहायला आलेले प्रेक्षक ठिगळ पाहून रडले. रंगमंचावरची वस्तू खरी असण्यापेक्षा ती योग्य वेळी हातात येणे महत्त्वाचे, हा धडा त्या लुगड्याने दिला. लाकडाची तलवार बेगड लावून चालते. ती उपसताना म्यानातून निघाली नाही, तर मात्र पोलादाचीही फुकट.

रंगवलेल्या पडद्याची सद्दी संपायला मग फार वेळ लागला नाही. नाटकांत दिवाणखाने आले, वकील-डॉक्टर आले. १९२२ मध्ये ‘ललितकलादर्श’ने वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले, त्यात नेपथ्यकार पु. श्री. काळे यांनी वास्तवदर्शी दृश्ये उभी केली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त तीन भिंतींची खोलीच रंगमंचावर आली. खोलीला खरा दरवाजा असतो, तो ढकलून आत यावे लागते. खुर्ची असते, तिच्यावर बसून बोलावे लागते. बोलणे आपोआप घरगुती झाले. दर प्रवेशाला महाल बदलण्याची सोय उरली नाही, तेव्हा एका जागी, थोड्या पात्रांत घडणारी कथा नाटककार लिहू लागले. एवढ्यात बोलपटही आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’नंतर नाट्यगृहांची चित्रपटगृहे होऊ लागली आणि मोठ्या कंपन्यांचे पडदे अडगळीत गेले.

विजेने आणखी एक गोष्ट केली. उजेड कमी-जास्त करता येऊ लागला. लहान गावांतल्या हौशी मंडळींकडे महागडी यंत्रे कुठली? मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडून त्यांतून वीज न्यायची. पट्ट्या जवळ आणल्या, खोल बुडवल्या की दिवा प्रखर होतो. वर उचलल्या की मंदावतो. धोका मोठा, कारण पाणी, वीज आणि घाईतला माणूस एकत्र असत. पण अशाच भांड्यांतून कितीतरी गावांनी पहिल्यांदा रंगमंचावर पहाट होताना पाहिली. पत्रा हलवून गडगडाट आणि सुपात हरभरे फिरवून पाऊस तर घरोघरच्या साहित्यातला.

१९६२ मध्ये आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ आले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आपल्या जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर गाजवून गेला, ते कसे का असेना! प्रभाकर पणशीकरांची वेषांतरे आपल्या लक्षात राहतात, पण ती शक्य झाली फिरत्या रंगमंचामुळे. एका अर्ध्या भागावर न्यायालय, तोवर मागच्या अर्ध्यावर दुसऱ्या गावातले घर मांडून तयार. रंगमंच फिरला की गाव बदलले. ‘रस्ता’ सोडून विनोदी पात्रे उभी करण्याची गरज उरली नाही. साक्षीदारामागून साक्षीदार येतो आणि त्याची हकीकत लगेच डोळ्यांपुढे घडते, असा नाटकाचा वेग त्या चाकावरच बसवलेला आहे.

आणि मग चक्र पुरे झाले. १९७१ मध्ये गिरीश कार्नाडांचे कानडी ‘हयवदन’ प्रसिद्ध झाले. त्यात माणसे हातात धरून आणतात तो अर्धा पडदा परत आला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर कापडही गेले. ओळीने उभी राहिलेली माणसेच पडदा झाली, भिंत झाली, आणि बाजूला सरून तिने आतले दाखवले. सांगलीच्या दरबारात कर्कीच्या मंडळींनी जे मानायला लावले होते, ते सव्वाशे वर्षांनी प्रेक्षक पुन्हा राजीखुशीने मानू लागले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधवलेले, १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उघडलेले हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकडाचा जुना रंगमंच जळताना पाहून लोक रस्त्यावर रडत उभे होते. वास्तू पुन्हा बांधता येते. परंतु दोरी कोणत्या तालात ओढायची, सरसात रंग किती कालवायचा, कोणत्या उजेडात कोणता रंग मरतो, ही विद्या वास्तूत नसते. ती ज्यांच्या हातांत होती, त्यांची नावे आपण जाहिरातींच्या शेवटच्या ओळीतही धड छापली नाहीत.

सीमाभागातल्या कितीतरी देवळांच्या आणि वाचनालयांच्या माळ्यांवर उत्सवी नाटकांचे पडदे अजून गुंडाळून पडलेले असतील. उंदीर आणि वाळवी मराठी-कानडी असा भेद करीत नाहीत. या दिवाळीत साफसफाईला माळ्यावर चढलात आणि अशी एखादी गुंडाळी हाती लागली, तर ती जाळू नका. अंगणात उलगडा, तिचे छायाचित्र काढा, आणि गावात कोणी म्हातारा पडदा ओढणारा उरला असेल तर त्याला बोलावून शेजारी बसवा. तो कोणत्या भाषेत बोलतो याने काही बिघडत नाही. त्याचे नाव मात्र लिहून घ्या.